मुकुट लेकीला, नागरिकत्व बापाकडून

९ मार्च २०२४ ला मुंबईत मिस वर्ल्डची अंतिम फेरी झाली. विजेती ठरली चेक प्रजासत्ताकाची क्रिस्टिना पिश्कोव्हा, आणि उपविजेती लेबनॉनची यास्मिना झैतून. यास्मिना ज्या 'मिस लेबनॉन' स्पर्धेतून पुढे आली, ती २०१८ नंतर थेट २०२२ साली भरली होती. मधल्या काळात देशाची अर्थव्यवस्था कोसळली होती आणि ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात बैरूतचं बंदर उद्ध्वस्त झालं होतं.

अरब जगाला हे मुकुट नवे नाहीत. इजिप्तची अँटिगोनी कोस्टांडा १९५४ सालीच मिस वर्ल्ड झाली. पण मिस युनिव्हर्सचा किताब अरब देशात आणणारी आजवर एकच: लेबनॉनची जॉर्जिना रिझ्क, १९७१, मायामी बीच. पुढच्या वर्षीची स्पर्धा प्वेर्तो रिकोत होती. त्याआधी मे १९७२ मध्ये इस्रायलच्या लोद विमानतळावर झालेल्या हल्ल्यात प्वेर्तो रिकोचे अनेक यात्रेकरू मारले गेले. सुरक्षेच्या कारणावरून जॉर्जिना आपल्या वारसदार सुंदरीला मुकुट घालायला गेलीच नाही. पुढे तिने पॅलेस्टिनी नेता अली हसन सलामेहशी लग्न केलं. जानेवारी १९७९ मध्ये बैरूतमध्ये कार-बॉम्बने त्याचा बळी घेतला, तेव्हा ती गरोदर होती.

तिची गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच थांबते. मला मात्र तिथून पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. परक्या देशाच्या माणसाशी लग्न केलेल्या लेबनीज बाईच्या मुलांना आईकडून नागरिकत्व मिळत नाही. हा नियम १९२५ चा, फ्रेंच अंमलाखालचा: बाप लेबनीज असेल तर मूल लेबनीज. इतर अरब देशांनी हा भेद कमी केला, इजिप्तने २००४ मध्ये, अल्जीरियाने २००५ मध्ये, मोरोक्कोने २००७ मध्ये. लेबनॉनने १९९७ साली स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, पण मुलांच्या नागरिकत्वाच्या कलमासह काही कलमं वगळून.

सौंदर्यस्पर्धेत बिकिनी घालावी की नाही यावर अरब वर्तमानपत्रांतून भरपूर शाई खर्च झाली. तो वाद मला दुय्यम वाटतो. लेबनॉनच्या बायकांनी खरी लढाई कायद्याशीच दिली. मतदानाचा हक्क १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला. मिर्ना बुस्तानी १९६३ मध्ये पहिली महिला खासदार झाली, तीही वडील वारल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर. २०२२ च्या निवडणुकीत १२८ जागांपैकी ८ बायकांकडे गेल्या.

एप्रिल २०१७ मध्ये बैरूतच्या समुद्रकिनारी ३१ लग्नाचे पांढरे पोशाख फासावर टांगल्यासारखे लटकवले गेले, महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केलं की त्याची शिक्षा टळे, अशी सोय लेबनॉनच्या दंडसंहितेच्या कलम ५२२ मध्ये होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कलम रद्द झालं. त्या किनाऱ्यावरच्या पोशाखांइतका बोलका पोशाख कुठल्याही स्पर्धेच्या मंचावर मला दिसलेला नाही.

नागरिकत्वाचा नियम मात्र तसाच आहे. 'जिन्सियती', म्हणजे 'माझं नागरिकत्व', अशी घोषणा देत आया आजही बैरूतमध्ये निदर्शनं करतात. त्यांच्या पोटच्या मुलांना आईच्याच देशात राहायचा परवाना काढावा लागतो.