जेन-झी

जेन-झी म्हणजे साधारणपणे १९९७ ते २०१२ या काळात जन्मलेली, इंटरनेट आणि मोबाईलच्या संगतीत वाढलेली पिढी. या मर्यादा अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने सोयीसाठी आखल्या. पुढे २०२३ मध्ये, पिढ्यांची अशी लेबले यापुढे जपून वापरू, असे खुद्द प्यूनेच जाहीर केले. जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम याने १९२८ मध्ये मांडलेला निकष अधिक कामाचा आहे. एकाच सुमारास जन्मल्याने पिढी होत नाही. जडणघडणीच्या वयात एकच मोठा अनुभव वाट्याला आला तर ती होते. हा निकष लावला की भारतातील जेन-झीचे वय जन्मसालावरून काढता येत नाही. घरात स्मार्टफोन कधी आला आणि तो कोणाच्या हातात राहिला, हे पाहावे लागते.

भारतात हा बदल ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर झपाट्याने झाला. महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणाऱ्या घरांना रोजचा डेटा मिळू लागला. यूपीआयची सुरुवातही त्याच वर्षीची. पुणे-मुंबईतील २००० साली जन्मलेल्या मुलाला इंटरनेट संगणकावर भेटले. मेळघाटातील किंवा माणदेशातील त्याच्या बरोबरीच्या मुलाने संगणक न पाहताच थेट मोबाईल हातात घेतला. त्याच्या लेखी इंटरनेट म्हणजे यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि उरलेली घरेही या जाळ्यात आली. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. अनेक घरांत फोन एकच. तो वडिलांच्या खिशात, आणि वडील कामावर. दोन भावंडांचे तास एकाच वेळी असले, तर दहावीला असलेल्याला फोन मिळे. धाकट्याचा तास बुडे. रेंज मिळावी म्हणून मुले टेकडीवर, गच्चीवर जाऊन बसत. करमणुकीसाठी फोन मागणाऱ्याला ओरडा बसायचा, तेथे अभ्यासासाठी म्हणून तो हातात द्यावा लागला. शाळा उघडल्यावर परत घेणे मात्र फारसे कोणाला जमले नाही. २०२० च्याच जूनमध्ये केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. गावाकडची कितीतरी मंडळी त्यावर नावारूपाला आली होती. ती पुढे रील्सकडे वळली.

‘डिजिटल नेटिव्ह’ ही मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केलेली कल्पना या पिढीला सर्रास चिकटवली जाते. लहानपणापासून तंत्रज्ञान हाताळणाऱ्यांना ते उपजतच कळते, असा तिचा सूर. तो पटण्यासारखा नाही. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२३’ या शैक्षणिक अहवालात, स्मार्टफोन आणू शकलेल्या मुलांना प्रत्यक्ष त्यावर कामे करायला सांगितली होती. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधणे सुमारे ८० टक्क्यांना जमले. दोन ठिकाणांमधील प्रवासाला किती वेळ लागेल, हे गुगल मॅप्सवर पाहणे एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक मुलांना जमले. याच वयोगटातील सुमारे चौथा हिस्सा प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचू शकला नाही. अंगठा स्क्रीनवर सराईतपणे फिरतो म्हणजे यंत्र कळले, असे होत नाही.

मुलगा-मुलगी हा भेद तर याहून ठळक. याच अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. आईच्या फोनवर इन्स्टाग्राम उघडायचे, काम झाले की लॉगआउट करून हिस्ट्री पुसायची, ही कसरत मुलींच्या अंगवळणी पडलेली असते. ‘ही पिढी सतत ऑनलाइन असते’ या वाक्यात त्या बसत नाहीत.

भाषेच्या बाबतीत ओरड होते तितके चित्र वाईट नाही. मराठी रोमन लिपीत टाइप करण्याची सवय आहेच, पण बोलून टाइप करण्याच्या सोयीने देवनागरीही परत आणली. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी या बोलींना छापील माध्यमांनी क्वचितच जागा दिली होती; रील्समध्ये त्या बिनदिक्कत ऐकू येतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत एमपीएससीची तयारीही टेलिग्रामवरील पीडीएफ आणि दीडपट वेगाने लावलेल्या यूट्यूब व्याख्यानांवर चालते.

मोबाईलचा अतिवापर रोखण्याचे काही प्रयत्न गावपातळीवर झाले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुले अभ्यासाला. यात मोठ्यांचेही फोन बंद होते, हे महत्त्वाचे. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावरच बंदीचा ठराव केला. राष्ट्रीय पातळीवर डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यासही त्यात मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.