हंगामाचा अंदाज वेगळा, गुरुवारचा वेगळा

एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचा आकडा आला की पारावर निकाल लागतो: ‘यंदा ९६ टक्के, बिनधास्त पेरा!’ गफलत इथेच होते. तो आकडा पेरणीची तारीख ठरवण्यासाठी नसतोच.

९६ टक्के म्हणजे जून ते सप्टेंबर मिळून अख्ख्या देशात पडणारा पाऊस, तोही १९७१ ते २०२० या काळातल्या ८७ सेंटिमीटर सरासरीच्या तुलनेत. ९६ ते १०४ मध्ये बसला की खातं त्याला ‘सामान्य’ म्हणतं. आपलं शिवार त्यात शोधू नये. मेअखेर सुधारित आकडा येतो, सोबत नकाशाही. पण तिथेही बोली शक्यतेचीच. शिवाय ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच विभागात धो धो पावसाचं महाबळेश्वरही येतं आणि कायम आभाळाकडे डोळे लावून बसलेला माण तालुकाही.

दुसरा तो विस्तारित अंदाज. दर गुरुवारी, पुढच्या चार आठवड्यांचा. हंगामात एकूण किती पडेल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाऊस कधी जोर धरेल आणि कधी दडी मारेल, एवढंच तो सांगतो. पहिल्या दोन आठवड्यांवर बऱ्यापैकी विसंबावं, पुढच्या दोनांकडे नुसती नजर ठेवावी.

२०२३ आठवा. अंदाज ९६ टक्के, पडला ९४. हंगामाचा अंदाज म्हणून याला चुकला म्हणणं अन्याय होईल. पण जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट! नेमकं तेव्हाच सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगांत होतं. पानं दुपारी माना टाकायची, शेंग दाबली तर आत पापडी. सप्टेंबरच्या पावसाने देशाची बेरीज सावरली, पोचट शेंग कुठली भरायला? ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

म्हणून एप्रिलचा आकडा पाहून फार तर सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्यायचं का, कमी दिवसांचं वाण आणायचं का, हे ठरवावं. बियाण्याची बॅग फोडायची ती ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल, आल्यावर, आणि त्या गुरुवारच्या अंदाजात पुढे खंड दिसत नसेल तरच.