मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम

संधिवाताच्या काही आजारांत प्रतिकारशक्ती बेभान होऊन रुग्णाच्याच रक्तपेशी आणि यकृतावर उठते. जिवावर बेतणाऱ्या या गुंतागुंतीला डॉक्टर ‘एमएएस’ म्हणतात. लहान मुलांच्या सिस्टेमिक संधिवातात (सांध्यांसोबत ताप येऊन सारे शरीर ग्रासणारा प्रकार) ती सर्वाधिक, साधारण दहांतल्या एकाला होते. प्रौढांचा स्टिल आजार (याच संधिवाताचे मोठ्यांतले रूप), ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उठणारा आजार) आणि कावासाकी आजार (मुलांच्या रक्तवाहिन्यांचा दाह) यांतही ती आढळते.

प्रतिकारशक्तीच्या मारक पेशी एरवी पर्फोरिन या प्रथिनाने विषाणूबाधित पेशीला भोक पाडून तिला संपवतात आणि लढाई थांबते. जनुकांतल्या दोषामुळे किंवा मूळ आजारात आयएल-६, आयएल-१८ ही दाह वाढवणारी प्रथिने वाढल्यामुळे हे काम अपुरे पडले, की टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) इंटरफेरॉन-गॅमा हे चेतवणारे रसायन सोडतच राहतात. त्याने चेतलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या पेशी, अस्थिमज्जेत चांगल्या रक्तपेशीही गिळू लागतात. ठिणगी बहुधा मूळ आजार उसळल्याने किंवा संसर्गाने पडते. संसर्गांत एप्स्टाइन-बार विषाणू प्रमुख आहे. गोव्यात पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि शेताच्या चिखलातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार), हे तिन्ही ध्यानात ठेवावे लागतात.

घोळ इथेच होतो. एमएएसप्रमाणे डेंग्यूतही प्लेटलेट घटतात, फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन, दाहात रक्तात वाढते) वाढते. त्यामुळे डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून एमएएस नाही असे ठरत नाही. सिस्टेमिक संधिवात भडकलेला असताना प्लेटलेट मुळात जास्त असतात. कालचे ६ लाख आज २ लाख झाले, तर लॅबच्या कागदावर तो आकडा ‘नॉर्मल’ छापून येतो, पण ही घसरण फार गंभीर आहे. ईएसआरचेही (दाह मोजणारी रक्तचाचणी) तसेच. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन खर्ची पडल्याने तो उतरतो आणि आजार बरा होतोय असे वाटते. सीआरपी ही दाहाची दुसरी चाचणी मात्र चढीच असते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये, जुने रिपोर्ट शेजारी ठेवून पाहावेत.

२०१६ च्या निकषांनुसार सिस्टेमिक संधिवात असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या तापाच्या रुग्णात फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर हवे. शिवाय पुढीलपैकी दोन गोष्टी हव्यात: प्लेटलेट १.८१ लाख किंवा कमी, एएसटी (यकृताची चाचणी) ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५६ च्या वर, फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी. अस्थिमज्जेत पेशी गिळल्याच्या खुणा सुरुवातीला दिसतीलच असे नाही. त्यासाठी उपचार अडवून धरू नयेत.

मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून, वजनाच्या दर किलोला रोज ३० मिलिग्रॅमपर्यंत (कमाल १ ग्रॅम), ३ ते ५ दिवस देतात. गरजेनुसार सायक्लोस्पोरिन (टी पेशींना आवरणारे औषध) किंवा ॲनाकिन्रा (आयएल-१ हे दाहाचे प्रथिन रोखणारे औषध) जोडतात. संसर्गाचे औषध सोबतच चालते. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब हे आयएल-६ रोखणारे औषध घेणाऱ्यांत ताप आणि सीआरपी दबलेले राहतात, तिथे प्लेटलेट आणि यकृताच्या चाचण्यांवरच जास्त भिस्त असते.