दुरुस्तीसाठी प्रवेश (भाड्याचे घर)

भाड्याने दिलेल्या घरात पाहणी व डागडुजीसाठी जाण्याचा घरमालकाचा हक्क. भाडेकरूने दार उघडायला नकार दिला की खरा प्रश्न सुरू होतो. नागपुरात असे खटके पावसाळ्याच्या तोंडावर हमखास उडतात. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती ओल धरतात. नव्या वस्त्यांत खिडकीतल्या कूलरचे पाणी उन्हाळाभर भिंतीत मुरते. वरच्या मजल्यावरच्या किरायेदाराने प्लंबरला आत घेतले नाही, तर पोपडे खालच्या घराचे पडतात.

विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि घर खाली करून घेण्याची नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. त्याच्या कलम 28 नुसार पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा मालकाला हक्क आहे, मग आत राहणारा भाडेकरू असो वा लिव्ह अँड लायसन्सवरचा परवानाधारक. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 108(एम) भाडेकरूपुरते साधारण हेच सांगते. भाडेकरूच्या हलगर्जीने झालेला बिघाड नोटिशीनंतर तीन महिन्यांत त्यानेच दुरुस्त करायचा, अशी त्यात भर आहे.

मात्र ही दोन्ही कलमे बोलतात ती पाहणीबद्दल. गवंडी घेऊन आत शिरून काम काढण्याची मुभा त्यांत स्पष्ट लिहिलेली नाही. दुसरीकडे भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम 14 घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावरच टाकते. त्याने टाळाटाळ केली, तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करतो व खर्च भाड्यातून वळता करतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. म्हणून कामाचे स्वरूप, तारीख आणि वेळ लिहिलेली नोटीस स्पीड पोस्टाने पाठवणे व पोच जपून ठेवणे मालकाच्या फार उपयोगी पडते. काम कोणी अडवले, हे पुढे त्यावरूनच ठरते.

नकार मिळाला म्हणून कुलूप तोडणे, नळ किंवा वीज तोडणे हा मार्ग नव्हे. कलम 29 नुसार पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा बंद करणे शिक्षापात्र आहे. मालकाने नागपूरच्या लघुवाद न्यायालयात दाद मागावी. जागेची स्थिती नोंदवण्यासाठी न्यायालय कोर्ट कमिशनर (न्यायालयाच्या वतीने पाहणी करून अहवाल देणारी व्यक्ती) नेमू शकते आणि प्रवेशाला अडथळा न करण्याचा मनाई हुकूमही देऊ शकते.

दुरुस्तीला नकार हे घर खाली करून घेण्याचे स्वतंत्र कारण म्हणून कलम 16 च्या यादीत नाही, आणि ते योग्यच आहे. एका बंद दारापायी कुणाचे घर जाऊ नये. जागा रिकामी केल्याशिवाय होणारच नाही अशी दुरुस्ती मात्र त्या यादीत आहे. तसा हुकूम झाला, तरी काम संपल्यावर परत येण्याचा भाडेकरूचा हक्क कलम 17 राखते.

पूर्वसूचना किती तासांची, हे कलम 28 सांगत नाही. करारनाम्यातच 24 किंवा 48 तास लिहून घ्यावेत, आणि पाइप फुटणे, शॉर्टसर्किट अशा प्रसंगी तत्काळ प्रवेशाची अटही घालावी. इमारत पडण्याच्या बेतात असेल, तर विषय दोघांपुरता राहत नाही: महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला ती दुरुस्त करण्याची अथवा पाडण्याची नोटीस देऊ शकतात.