बर्फात जन्मलं तरच स्नोबोर्ड?

लातूरच्या टपरीवर नेहमी ऐकू येतं, "फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायचं, ते बर्फातल्या लोकांचं काम. आपल्याकडं बर्फ फक्त गारपिटीत, तोही द्राक्षं झोपवून जातो." गारपिटीचं खरं आहे; पहिलं चूक. अमेरिकेची स्नोबोर्डपटू क्लोई किम २००० साली जन्मली ती कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला, समुद्रकाठी. चौथ्या वर्षी बोर्डवर उभी राहिली. तेराव्या वर्षी एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत रौप्य, पण वय भरेना म्हणून सोची ऑलिम्पिक हुकलं; २०१८च्या ऑलिम्पिकला हाफपाइपचं, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या उतारावरच्या उड्यांचं सुवर्ण, वय सतरा! आणि नव्या उड्या? त्या आधी ट्रॅम्पोलिनवर, मग फुगवलेल्या एअरबॅगवर घोटतात. पाठीवर आपटलं की नुसतं 'भस्स', पोरगं उठून पुन्हा रांगेत. २०२२ला बीजिंग ऑलिम्पिकची बिग एअर, म्हणजे एकाच मोठ्या उडीची स्पर्धा तर जुन्या पोलाद कारखान्याच्या आवारात, यंत्रानं पाडलेल्या बर्फावर झाली.