बाळाच्या गादीचं कव्हर शिवायला टाकण्याआधी

डॉक्टरांनी ‘डस्ट माइट’ म्हणजे धुळीतल्या बारीक किड्यांची ॲलर्जी सांगितलीय म्हणून आमच्याकडे बरेच आईबाप येतात. घरात कुणाला दमा असतो, बाळाच्या गालांवर इसब उठलेलं असतं. मागणी ठरलेली: बेडशीटसारखं इलॅस्टिकचं कव्हर द्या, काढाघालायला सोपं. तसं कव्हर आम्ही शिवत नाही.

हे किडे ढेकणासारखे चावत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात, साध्या डोळ्यांना दिसतही नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतात आणि पाणी न पिता हवेतला ओलावा शोषतात, म्हणून आपल्या कोकणात ते चांगलेच फोफावतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या बारीक कणांची. गादी दाबली गेली की आतली हवा वाट मिळेल तिथून बाहेर पडते आणि कण सोबत येतात. खालची बाजू उघडी राहिली तर वरचं कापड कितीही महाग घ्या, उपयोग नाही. म्हणून आमचं कव्हर सहाही बाजूंनी बंद, चेनचं. कापड घट्ट विणीचं, छिद्रं 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान, पण हवा खेळती राहते. त्याऐवजी प्लॅस्टिक गुंडाळायचा विचारही करू नका. ते सुटून बाळाच्या तोंडावर आलं तर जिवावर बेतेल.

आता ज्याने सगळ्यांचाच वेळ जातो ते. लोक फोनवर लांबी-रुंदी सांगतात आणि जाडी विचारली की “असेल चार बोटं.” बंद कव्हराला हे चालत नाही. माप कमी पडलं तर चेन लागत नाही, ओढून लावली तर शिवण उसवते, मग गादी पुन्हा दुकानात. कापसाच्या गादीला टाक्यांपाशी खळगे असतात. जाडी दोन टाक्यांच्या मधे, जिथे कापूस वर आलेला असतो तिथे टेपने मोजा. पिंजायची असेल तर आधी पिंजून घ्या, कारण पिंजलेली गादी फुगते. आणि ओलसर गादीवर कव्हर कधीच चढवू नका, आत बुरशी धरते. भर पावसात कुणी घाई केली तरी आम्ही थांबायला सांगतो ते यासाठीच.

“रोज ऊन देतो, मग कव्हर कशाला?” ऊन जरूर द्या, ओलावा कमी होतो. पण वरचा थर तापला तरी आतल्या कापसापर्यंत ती धग पोचत नाही, आणि बडवून धूळ उडते तेवढीच. कव्हर घातलेली गादी कव्हरासकटच उन्हात टाका.

बाळ रात्री आईजवळ झोपत असेल तर आईच्या गादीला आणि उशीलाही कव्हर हवं. एकच घेणं परवडत असेल तर बाळ जिथे जास्त वेळ झोपतं त्या गादीचं घ्या. पाळण्याच्या गादीचं नंतर शिवू.

गोधडी, दुपटी, चादरी आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. मशीन नसेल तर हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात भिजवून काठीने ढवळा, बाळाला लांब ठेवून. गार पाण्यात धूळ जाते, किडे बरेचसे जिवंत राहतात. आजीची जुन्या लुगड्यांची गोधडी टाकून द्यायची गरज नाही, फक्त अशी धूत राहा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशी देऊ नये, मोहरीचीही नाही. आम्ही ती विकतही नाही.

कव्हराने दमा होणारच नाही असं आम्ही कुणाला सांगत नाही. डॉक्टरांचं औषध चालूच ठेवा.

गादी पिंजून कव्हरही शिवायचं असेल तर दोन्ही कामं एकदमच सांगा. पिंजून झाल्यावर माप आम्हीच घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.