पार्श्वभूमी: चीनची राजपरीक्षा आणि १९०५ चा निर्णय

चीनच्या केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या नोकरभरतीसाठी ३४ लाखांवर अर्ज पात्र ठरले. जागा होत्या ३९,७०० च्या आसपास. असे आकडे आले की ‘जुनी राजपरीक्षाच परत आली’ हे वाक्य ठरलेले असते. बादशाही काळात सरकारी अधिकारी निवडणाऱ्या त्या परीक्षेला तेराशे वर्षांची परंपरा आहे, हेही मग ओघाने येते. ती बंद कशी पडली, हे मात्र एका ओळीत उरकले जाते: कालबाह्य झाली होती, म्हणून १९०५ मध्ये गुंडाळली. प्रकरण इतके सरळ नव्हते.

आधीचा इतिहास थोडक्यात. सुई घराण्याने सातव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत घातली आणि थांगांनी ती वाढवली. आज ओळखीचा वाटेल असा चेहरा तिला आला तो सोंग काळात. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकायचे, आणि हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून अख्खी उत्तरपत्रिका कारकुनांकडून नव्याने उतरवून मगच परीक्षकापुढे ठेवायची. मिंग काळात वेगळाच पेच उभा राहिला. १३९७ मध्ये उत्तीर्णांच्या यादीत सगळेच्या सगळे दक्षिणेकडचे निघाले. उत्तरेत ओरड झाली. बादशहाने चौकशी लावली, संबंधितांपैकी काहींना देहदंड दिला आणि दुसरी यादी काढली ती सगळी उत्तरेकडच्यांची. पुढे काही दशकांत उत्तर-दक्षिण असे कोटे ठरले. आज विद्यापीठ प्रवेशात प्रांतवार जागांवरून तिथे जी भांडणे होतात, ती या जुन्या दुखण्याची पुढची पिढी म्हणायला हरकत नाही.

चिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळापर्यंत परीक्षा हा गावोगावच्या सुशिक्षित घराण्यांना दरबाराशी बांधणारा मुख्य धागा झाला होता. प्रांतिक परीक्षा तीन वर्षांतून एकदा, तीन टप्प्यांत होई आणि प्रत्येक टप्प्यात परीक्षार्थी कोठडीत बसे. नानजिंगच्या आवारात अशा वीस हजारांवर कोठड्या होत्या. दोन फळ्या मिळत. दिवसा एक बसायला, एक लिहायला. रात्री दोन्ही एका पातळीत सरकवल्या की झाला बिछाना, ज्यावर पाय लांब करता येत नसत. शिधा आणि शेगडी ज्याची त्याने आणायची. उत्तीर्ण होण्याचे प्रमाण शंभरात एखाद्-दुसरे. नापासांचे काय होत असे, याचा टोकाचा दाखला म्हणजे चिंग दरबाराविरुद्धच्या तायपिंग बंडाचा म्होरक्या. गुआंगचौच्या परीक्षेत चार वेळा आपटी खाल्लेला हा माणूस १८५० नंतर ज्या युद्धाचा धनी झाला, त्यात किमान दोन कोटी माणसे मेली. ते बंड मोडण्यासाठी दरबाराकडे पैसे नव्हते, तेव्हा फौजेसाठी वर्गणी देणाऱ्या प्रांतांना उत्तीर्णांचे कोटे वाढवून देण्यात आले. पदव्यांची खैरात तिथूनच वाढली. नोकऱ्या मात्र होत्या तितक्याच राहिल्या.

१८९५ मध्ये जपानकडून हार झाली आणि अभ्यासक्रमावर चौफेर टीका सुरू झाली. १८९८ च्या उन्हाळ्यात तरुण बादशहाने परीक्षेतला आठ भागांचा साचेबंद निबंध रद्द केला. राजमातेने सत्ता हाती घेताच तो परत आणला आणि १९०१ मध्ये तिच्याच दरबाराने तो कायमचा काढून टाकला. याच वर्षी, बॉक्सर या परकीयविरोधी बंडानंतर, परकीय सत्तांशी झालेल्या तहात एक विचित्र कलम होते. ज्या शहरांत परदेशी लोकांना मारले किंवा छळले गेले, तिथे पाच वर्षे राजपरीक्षा घ्यायच्या नाहीत. बीजिंगचे परीक्षा-आवार तर १९०० च्या धुमश्चक्रीत उद्ध्वस्तच झाले होते. म्हणून राजधानीतली मुख्य परीक्षा १९०३ आणि १९०४ मध्ये कायफंगला घ्यावी लागली.

या १९०४ च्या प्रश्नपत्रिका पाहायला हव्यात. पहिला पेपर चीनच्या इतिहास-राज्यकारभारावर, दुसरा जगावर आणि अभिजात ग्रंथ थेट तिसऱ्या क्रमांकावर. दुसऱ्या पेपरात एक प्रश्न असा होता की, सुधारणांच्या सुरुवातीला जपानने परदेशी लोक नोकरीला ठेवले आणि तो बलवान झाला, इजिप्तनेही ठेवले आणि तिजोरी व न्यायदान दोन्ही गमावून बसला, तर हा फरक का पडला? आणखी एक प्रश्न अमेरिकेने चिनी मजुरांवर घातलेल्या बंदीवर होता. पोपटपंची म्हणून हिणवली जाणारी परीक्षा ती हीच. ग्रामीण भागातल्या शिकवणाऱ्यांना हे विषय झेपत नव्हते, तपासणाऱ्यांनाही कितपत झेपत असतील ही शंकाच. पण परीक्षा बदलू शकत होती, हे त्या कागदांवर स्पष्ट दिसते.

मग ती मोडली का? १९०४ च्या सुरुवातीला मंजूर झालेली योजना शहाणपणाची होती. पुढच्या तीन परीक्षांत दर वेळी एक तृतीयांश कोटा कमी करायचा, तेवढ्या जागा नव्या शाळांतून भरायच्या आणि साधारण दहा वर्षांत परीक्षा आपोआप विझू द्यायची. योजनेची पहिली कपात १९०६ मध्ये व्हायची होती. ती वेळ आलीच नाही. १९०५ च्या उन्हाळ्यात सहा बड्या प्रांताधिकाऱ्यांनी मिळून अर्ज केला. त्यांचे म्हणणे असे: परीक्षा चालू आहे तोवर लोकांच्या मनात नशीब आजमावण्याची आशा राहणार, श्रीमंत शाळांना देणग्या देणार नाहीत आणि पालक मुले पाठवणार नाहीत. दहा वर्षे थांबलो तर माणसे तयार व्हायला वीस लागतील, आणि टपून बसलेले शेजारी तोवर आपल्यासाठी थांबतील का? २ सप्टेंबर १९०५ ला फर्मान निघाले: पुढच्या वर्षापासून सर्व स्तरांच्या परीक्षा बंद. अर्जावर सही करणाऱ्यांत एक जण १८६३ च्या परीक्षेत साऱ्या साम्राज्यात तिसरा आलेला होता, तर दुसरा प्रांतिक परीक्षेतच दोनदा नापास होऊन पैसे भरून पद मिळवलेला.

म्हणजे परीक्षा गेली ती तिच्यातल्या मजकुरापायी नव्हे. नव्या शाळांना ती स्पर्धक ठरत होती, म्हणून तिला बाजूला केले. निर्णयाच्या बाजूने बोलणारे आजही म्हणतात की, घाव एकदाच घालायला हवा होता. रशियावर जपानने नुकताच विजय मिळवला होता आणि तोही चीनच्याच भूमीवर लढून. हा युक्तिवाद पोकळ नाही. तरीही उतावळेपणा लपत नाही. देशाचे शिक्षण खातेच मुळी डिसेंबरमध्ये, परीक्षा गेल्यावर तीन महिन्यांनी स्थापन झाले. नव्या शाळा शहरांत होत्या आणि त्यांची फी खेड्यातल्या घराला परवडत नव्हती. शान्सीमधल्या एका खाजगी शिक्षकाची रोजनिशी उपलब्ध आहे. त्याने स्वतः १८९४ मध्ये प्रांतिक पदवी मिळवली होती. बातमी कळल्यावर, आता मुलांना शिकवायला कोण पाठवणार आणि आम्ही खायचे काय, याच विवंचनेने ती पाने भरली आहेत. पुढे हा गृहस्थ पोटासाठी कोळशाच्या खाणीच्या व्यवहारात उतरला.

‘रद्द’ या शब्दातही गोम आहे. परीक्षा बंद झाली, पदव्या बंद झाल्या नाहीत. परदेशात शिकून आलेल्यांची चाचणी घेऊन त्यांना जुन्याच पदव्या वाटल्या गेल्या: कुणी वैद्यक शाखेचा ‘जिन्शी’ (सर्वोच्च पदवी), कुणी शेती शाखेचा ‘ज्यूरन’ (प्रांतिक पदवी). जुन्या पदवीधरांसाठी निवडीच्या छोट्या परीक्षा १९०९ मध्येही चालूच होत्या. त्याच वर्षी प्रांतिक सभांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा मतदानाचा हक्क ज्यांना मिळाला त्यांत पदवीधर होतेच. नुकसान झाले ते अजून पदवी न मिळालेल्या तरुणाचे. त्याच्यापुढे शिकायला जपानचे जहाज किंवा आधुनिक धर्तीच्या फौजेच्या नव्या पलटणी, हे दोन रस्ते उरले. फर्मानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी तोक्योत क्रांतिकारकांची एकजूट झाली होती, आणि १९०६ च्या सुमारास तिथे हजारो चिनी विद्यार्थी होते. १९११ च्या ऑक्टोबरमध्ये वूचांगला उठाव केला तो नव्या पलटणीनेच. ज्या भागांत लोकसंख्येच्या मानाने परीक्षेचा कोटा मोठा होता, तिथून क्रांतीत जास्त माणसे उतरली, असे अलीकडच्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने दाखवले आहे. परीक्षेने राजघराणे टिकवले असे यावरून सिद्ध होत नाही. वर चढायची शिडी काढल्यावर लोक कुठे गेले, ते मात्र कळते.

पुढचे थोडक्यात. विलायतेत सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षेचा प्रस्ताव १८५० च्या दशकात आला, तेव्हा विरोधकांनी त्याला ‘चिनी’ म्हणून हिणवले होते. भारताच्या सनदी सेवेची स्पर्धा १८५५ ची, त्याच दशकातली. चीनमध्ये १९६६ नंतर विद्यापीठ प्रवेशाची परीक्षाही बंद पडली. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा ५७ लाख जण बसले आणि शंभरातले जेमतेम पाच आत गेले. २००५ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने राजपरीक्षेवरचा डाग पुसावा, अशी मागणी चिनी विद्यापीठांतून झाली आणि तितक्याच जोराने तिची खिल्लीही उडाली. राजेशाही गेल्यावर आलेल्या प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यात्-सेन यांनी परीक्षा हा सरकारचा स्वतंत्र स्तंभ मानला होता. तो स्तंभ तैवानमध्ये अजून आहे. २०२० मध्ये त्याची सदस्यसंख्या १९ वरून सात ते नऊवर आणली गेली. आता तो ठेवायचा की काढायचा, यावर तिथले पक्ष भांडत आहेत.